पाभर किती खोल?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नवं वाण दिलं तरी उगवण विरळ होते आणि लोक तुलाच बोल लावतात, असं तू लिहिलंस. बियाण्याला किंवा लोकांना दोष देण्याआधी पाभरीतून, म्हणजे पेरणीच्या अवजारातून, बी किती खोल पडतंय ते बघ.

मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाची गोष्ट तू परीक्षेसाठी वाचली असशील. आपला देशी गहू उंच. नत्र जास्त दिलं आणि वारा सुटला की पीक लोळायचं. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी जपानच्या नोरिन-10 या गव्हाचा बुटकेपणा मेक्सिकोच्या गव्हात आणला आणि खत पचवून ओंबीचं ओझं पेलणारी काडी मिळाली. पण त्या गव्हाचा कोंबही आखूड होता! ओल गाठायला खोल पेरायची आपली जुनी रीत; तसं पेरलं की हा कोंब मातीतच गुदमरायचा. पेरणी पाच-सहा सेंटिमीटरवर आणावी लागली. पहिलं पाणीही विसाव्या-एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळं (रोपाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना द्यायचं. ते हुकलं की फुटवे कमी. नुसतं बी वाटून हे झालं नसतं.

1966 मध्ये 18,000 टन बी मेक्सिकोहून आलं. 1964-65 ला देशाचा गहू सुमारे 1 कोटी 23 लाख टन होता, तो 1967-68 ला 1 कोटी 65 लाखांवर गेला. तरी या गव्हाचा तांबडा दाणा घरात कुणाला आवडेना, बाजारात भाव मिळेना. मग कल्याणसोना, सोनालिका ही पिवळसर दाण्याची वाणं पुढे आली. चपातीच्या रंगाची दखल शास्त्रज्ञांनी घेतली, याचा मला फार आदर वाटतो.

आपल्याकडे 1964 च्या सीएसएच-1 या संकरित ज्वारीने उतारा भरपूर दिला, पण दाणे भरताना पाऊस लागला की कणसं काळी पडायची. शिवाय बी दरसाल विकत घ्यायचं. गव्हाचं तसं नव्हतं, घरचं बी ठेवता यायचं, शेजाऱ्याला पायलीभर देता यायचं.

या नव्या शेतीपायी पंजाबात पुढे भूजल किती खाली गेलं, तेही लोकांपासून लपवू नकोस.

आता असं कर. विरळ उगवलेल्या एका रानात खुरपं घेऊन बस, न उगवलेलं बी उकरून काढ आणि पट्टीने खोली मोज. शेतकऱ्यालाही शेजारी बसव. दहा ठिकाणचे आकडे मला कळव.

तुझे,
सर