अश्रुधूर, खकाणा आणि ग्लासगोचा एक बँड

विचारणा अशी आहे : 'अश्रुधूर या स्कॉटिश बँडमधले चौघे पुढे ॲलेक्स हार्वेला जाऊन मिळाले' असं वाक्य वाचनात आलं. बँडच्या 'टिअर गॅस' या नावाचं असं भाषांतर करतात का? आणि शब्द अश्रुधूर की अश्रूधूर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते झटपट होईल. 'अश्रू' सुटा लिहिला की शेवटचा उकार दीर्घ. समासात तो पहिलं पद झाला की संस्कृतातला मूळ ऱ्हस्व उकार परत येतो. बुद्धी पण बुद्धिवैभव, शत्रू पण शत्रुपक्ष, तसंच अश्रू पण अश्रुधूर. चूक खरं तर पुढच्या पदात जास्त होते. प्रत्यय लागला की 'धू'सुद्धा ऱ्हस्व होतो, म्हणून 'अश्रुधुराच्या नळकांड्या'. 'अश्रूधूराच्या' असं लिहिणारा एकाच शब्दात दोनदा घसरतो.

आता थोडं शब्दाच्या बाजूने. मूळ इंग्रजीत 'गॅस' आहे आणि मराठीने 'धूर' केला, हे ढिसाळ भाषांतर आहे असं काही जणांना वाटतं. मला उलट वाटतं. आज सर्रास वापरला जाणारा सी.एस. हा प्रकार कॉर्सन आणि स्टॉटन या दोन अमेरिकी रसायनज्ञांनी 1928 मध्ये तयार केला, त्यांच्याच आडनावांची ही आद्याक्षरं. हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला वायू नसतोच. असते ती पांढरी स्फटिकी भुकटी. नळकांडीतून तिचे बारीक कण हवेत उधळले जातात आणि तरंगत राहतात. म्हणजे धूरच की! मिरची कांडायच्या गिरणीच्या दारात दोन मिनिटं उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे हवेत जे उडतं त्याला आपण खकाणा म्हणतो. नाकाला झोंबतो, ठसका लागतो, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. 'अश्रुखकाणा' हा शब्द शास्त्राला आणखी जवळचा झाला असता, पण बातमीदाराला तो उच्चारवला नसता.

शब्द इतका चांगला असला, तरी बँडचं नाव म्हणून तो वापरू नये. संस्थेच्या नावात कामाचं वर्णन असेल तर आपण भाषांतर करतो, उदाहरणार्थ संयुक्त राष्ट्रे. बँडचं नाव वर्णन करत नाही, नुसती हाक असते. रोलिंग स्टोन्सना आपण 'गडगडते धोंडे' म्हणत नाही. शिवाय एकदा भाषांतर सुरू केलं की थांबायचं कुठे? ग्लासगोच्या या मंडळींचं आधीचं नाव 'मस्टर्ड' होतं. मग 'मोहरी या बँडचं नाव बदलून अश्रुधूर झालं' असं लिहावं लागेल. वाचणाऱ्याला फोडणी करपल्यासारखं वाटेल.

देवनागरीत मात्र 'टिअर गॅस' लिहा, 'टेअर' नको. इंग्रजीत अश्रू आणि फाडणं या दोन्हींचं स्पेलिंग एकच आहे, देवनागरीत तो घोळ आपोआप मिटतो.

बँडची गोष्ट छोटीच आहे. 1970 मध्ये 'पिगी गो गेटर' आणि 1971 मध्ये बँडच्याच नावाची, अशा दोन तबकड्या निघाल्या. दुसरी चांगलीच दणकट हार्ड रॉक आहे. दोन्ही फारशा खपल्या नाहीत. 'टिअर गॅसचा बँड वाजला' असं मराठीत म्हटलं तर दोन्ही अर्थांनी खरं ठरेल, म्हणून गंभीर लेखात ते टाळावं.

गायक ॲलेक्स हार्वे हा टिअर गॅसच्या मंडळींहून बराच मोठा, ग्लासगोतच 1935 साली जन्मलेला, अनेक वर्षं गात असूनही मोठं यश न मिळालेला. मे 1972 मध्ये त्याचा धाकटा भाऊ लेस, 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक, स्वान्सीत मंचावरच विजेचा धक्का बसून गेला. त्याच वर्षी ॲलेक्स आणि टिअर गॅसचे चौघे एकत्र आले : गिटारवर झाल क्लेमिन्सन, बेसवर ख्रिस ग्लेन, ड्रम्सवर टेड मॅकेना आणि कीबोर्डवर त्याचा चुलतभाऊ ह्यू मॅकेना. नाव ठेवलं सेन्सेशनल ॲलेक्स हार्वे बँड. क्लेमिन्सन तोंडाला पांढरा रंग फासून विदूषकासारखे चेहरे करत गिटार वाजवायचा. 1975 मध्ये त्यांचं 'डिलायला' हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. टिअर गॅसच्या वाट्याला असलं काही कधी आलं नव्हतं.

'सेन्सेशनल'चंही 'खळबळजनक' करायचा मोह होईल. आवरावा.

'बँड' मराठीत पुल्लिंगी एकवचनी, तेव्हा 'टिअर गॅस फुटला', 'टिअर गॅस आला'. गॅस आला म्हटल्यावर घरातलं कुणी सिलिंडर घ्यायला दाराकडे धावण्याचा धोका आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात 'बँड' जोडावा. मी ते वाक्य असं लिहिलं असतं : 'टिअर गॅस, म्हणजे अश्रुधूर, या नावाच्या ग्लासगोच्या बँडमधले चौघे 1972 मध्ये ॲलेक्स हार्वेला जाऊन मिळाले.' पुढच्या वाक्यापासून नुसतं टिअर गॅस.