मुलांना स्लाइड शो शिकवताय? आधी हे करा
पहिल्याच दिवशी अ‍ॅनिमेशन दाखवू नका, एकदा ते सापडलं की पोरं तासभर अक्षरं गरगर फिरवत बसतात आणि विषय राहतो बाजूलाच.

आधी कागदावर चार चौकोन काढायला सांगा, एक चौकोन म्हणजे एक स्लाइड, प्रत्येकात एकच गोष्ट. विषय त्यांच्या आवडीचा, मांजर, क्रिकेट, काहीही. मग कॉम्प्युटर.

सुरुवातीला पॉवरपॉइंटमधलं एवढंच पुरे:
- कंट्रोल एम म्हणजे नवी स्लाइड, एफ ५ ने शो सुरू, एस्केपने बंद
- कंट्रोल झेड म्हणजे शेवटचं केलेलं मागे घेणं, हे आलं की बिघडायची भीतीच जाते
- फोटो कोपऱ्याला धरूनच लहानमोठा करायचा, नाहीतर चेहरे चपटे होतात

आणि माउस त्यांच्याच हातात राहू दे, कितीही वेळ लागला तरी. परिच्छेदच्या परिच्छेद कॉपी पेस्ट करायला लागले तर म्हणा, हे तू तोंडाने सांग, स्लाइडवर फक्त फोटो ठेव.