मानेतल्या गाठीत कॅन्सर पसरला म्हणजे शेवटची स्टेज का?

नाही, तसं सरसकट म्हणता येत नाही. तोंड, घसा किंवा थायरॉईडचा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) जातो. तो जवळचा प्रसार. फुप्फुस, यकृतात गेला तर गोष्ट वेगळी. पंचावन्नच्या आतल्या माणसाला पॅपिलरी थायरॉईड कॅन्सर (थायरॉईड कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) असेल, तर मानेत गाठी असूनही तो पहिल्याच स्टेजमध्ये धरतात! तोंडाच्या कॅन्सरमध्ये कागदावर 'स्टेज ४' लिहिलेलं दिसलं तरी ४-ए (चौथ्या स्टेजचा दूर न पसरलेला भाग) असेल तर बरं करण्याच्या उद्देशानेच ऑपरेशन करतात, मानेतल्या ग्रंथी काढतात आणि बहुतेकदा पुढे रेडिएशन देतात.

मूळ कुठे आहे हे मात्र शोधावंच लागतं. डाव्या हंसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वरची गाठ असेल तर छाती-पोटही तपासतात, कारण तिथला आजार त्या जागी पोचतो.

आणि एक कळकळीने सांगते, गाठ घाईने कापून काढू देऊ नका. आधी सुईची तपासणी. दोन-तीन आठवड्यांत न जिरलेली, कडक, न दुखणारी गाठ असेल तर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मानेतल्या ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशननंतर खांदा जड होऊ शकतो, हात नीट वर जात नाही असंही होतं. व्यायाम लवकर सुरू करायला सांगा.