वाचकांचे प्रश्न : जुने जपानी मोटार-किट घेताना

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. परदेशातील विक्रेत्याकडे तामिया या जपानी कंपनीचे १/२४ प्रमाणातील एक किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायची मोटारीची छोटी प्रतिकृती, आहे. खोक्यावर १९८९ छापले आहे, म्हणून तो जास्त दर सांगतो. घ्यावे का?

उत्तर : केवळ त्या सालासाठी जास्त पैसे मोजू नका. छापलेले साल बहुधा मूळ साच्याचे असते आणि तामिया, फुजिमी, आओशिमा या शिझुओका शहरातील कंपन्या जुन्या साच्यांतून पुन्हा पुन्हा उत्पादन काढतात. टपालखर्च व सीमाशुल्क धरूनच हिशेब करा.

त्याऐवजी आतले फोटो मागवा. रबरी टायर सुट्या पिशवीत आहेत ना, हे आवर्जून पाहा. वर्षानुवर्षे प्लास्टिकला टेकून राहिलेला मऊ टायर त्याला वितळवतो, आणि पारदर्शक काचेवर असा व्रण पडला, की तो घासून सहसा जात नाही, याचे फार वाईट वाटते. स्टिकरांचा कागद पिवळा पडला असेल, तर मात्र घाबरू नका. तो पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा कागद दमट हवेपासून जपा, म्हणजे हवाबंद डब्यात ठेवा.