फॅसिझमवर काळ्या विनोदाची विज्ञान-श्रुतिका लिहिली तर विषयाचं गांभीर्य कमी होतं का?

कमी होत नाही, पण ऐकणारा कुणाला हसतोय ते आधी तपासा. तुम्ही लिहिलंय की अंतराळस्थानकावरच्या हुकूमशाहीवरची तुमची श्रुतिका वाचून दाखवली तेव्हा मित्र पोट धरून हसले, आणि त्यानेच तुम्हाला धास्ती वाटली. धास्ती रास्त आहे. मी श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायची नाटकं, लिहिते, आणि माझा याच विषयावरचा पहिला मसुदा तिथेच फसला होता.

त्यात हुकूमशहा बोबडा होता, चिडका होता, भाषणात अडखळायचा. लोक हसले आणि मोकळे झाले, भीती काही उरली नाही. वेडगळ माणसाला हसताना ऐकणारा स्वतःला शहाण्यांत जमा करून टाकतो. फॅसिझम मात्र चालतो तो शहाण्यासुरत्या माणसांच्या जिवावर. वेळेवर हजर होणारा कारकून, याद्या सुवाच्य अक्षरात लिहिणारी बाई, शेजाऱ्याला न्यायला माणसं आली की आपलं दार हळूच लावून घेणारा गृहस्थ. दुसऱ्या मसुद्यात मी हुकूमशहाचा आवाजच काढून टाकला.

त्याऐवजी लिफ्ट आली. स्थानक सात मजल्यांचं, दर मजल्याला एक टिंग. पहिल्या भागात नायक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याला भेटायला जातो आणि आपल्याला सात टिंग ऐकू येतात. तिसऱ्या भागात सहाच. लिफ्टचा गोड आवाज म्हणतो, "शेवटचा मजला. सहा मजल्यांच्या आपल्या स्थानकात आपलं स्वागत आहे." नायक गोंधळतो. शेजारी मायेने म्हणतो, "अहो, सहाच होते की पहिल्यापासून. झोप झाली नाही वाटतं?" इथे हमखास हशा येतो. आत्या हरवल्याची तक्रार करायला तो खिडकीवर जातो, तर अर्जात रकाना असतो: 'मजला (१ ते ६)'. पुन्हा हशा. पाचव्या भागात नायक एका नवीन रहिवाशाला स्वतःच सांगतो, "सहाच होते." तेव्हा कुणी हसत नाही.

हे चित्रपटात जमलं नसतं. तिथे सातवा मजला डोळ्यांनी पाहिलेला असतो. श्रुतिकेत पुरावा फक्त आपल्या कानांचा, आणि ऐकणारा मनातल्या मनात टिंग मोजायला लागतो. एका मैत्रिणीने पहिला भाग पुन्हा लावून पाहिला. मला तेच हवं होतं.

शिवाय कान आणि फॅसिझम यांचं नातं जुनं आहे. नाझींनी १९३३ मध्ये स्वस्त 'जनतेचा रेडिओ' बाजारात आणला, किंमत ७६ मार्क. त्याच्या व्हीई ३०१ या नावातला आकडा ३० जानेवारीचा, म्हणजे हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवसाचा. १९३८ मध्ये ३५ मार्कांचा त्याहून छोटा रेडिओ आला, त्याला लोक 'गोबेल्सचं थोबाड' म्हणत. सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणं हा गुन्हाच ठरला.

तरीही लोक चोरून बीबीसीची जर्मन सेवा ऐकत. तिथे रॉबर्ट लुकास हिर्नशाल नावाच्या शिपायाची पत्रं लिहायचे. हा हिर्नशाल बायकोला आघाडीवरून पत्र पाठवतो आणि त्यात फ्यूररची, म्हणजे हिटलरची, इतकी मनापासून स्तुती करतो की त्या स्तुतीतूनच सगळा खोटेपणा उघडा पडतो. या पत्रांचा तुम्ही जरूर अभ्यास करा. पात्र विनोद करत नाही, ते श्रद्धेने बोलतं. तुमच्या श्रुतिकेतला सुरक्षा अधिकारी टोमणे मारतो, ते काढा. त्याला प्रामाणिक करा, कामावर प्रेम करणारा करा. तो जास्त हसवेल आणि जास्त घाबरवेल.

विनोदाची किंमतही नाटकात दिसू द्या. त्या काळचा एक विनोद असा: बर्लिनच्या रेडिओ टॉवरवर हिटलर आणि त्याचा उजवा हात गोरिंग उभे असतात. हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना खूश करायला काहीतरी करावंसं वाटतं. गोरिंग म्हणतो, मग उडी मारा ना. हा विनोद सांगितला म्हणून दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीला १९४३ मध्ये नाझींच्या 'लोकन्यायालया'ने मृत्युदंड सुनावला. तुमच्या स्थानकावर कुणी विनोद सांगितला, तर ऐकणाऱ्यांचं हसू अर्ध्यात थांबलेलं ऐकवा, आणि मग कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. ज्यांना नेलं, त्यांच्यावर विनोद नाही. आत्याला मी एकही हास्यास्पद वाक्य दिलेलं नाही. ती पहिल्या भागात चहा ओतते, भाच्याला विचारते, "परत कधी येशील?", आणि कप ठेवल्याचा आवाज होतो. शेवटच्या भागात तोच आवाज पुन्हा येतो, रिकाम्या खोलीत.