गठ्ठे छान जुळले, तरी वस्तू सापडत नाहीत? चिठ्ठ्यांवरचे शब्द बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शेतीच्या मोबाइल गेमसाठी कार्ड सॉर्टिंग केलं, म्हणजे वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या देऊन लोकांना त्यांच्या मनाप्रमाणे गठ्ठे करायला लावले, सगळ्यांचे गठ्ठे जवळपास सारखे आले, तसे इन्व्हेंटरीचे (खेळाडूकडच्या वस्तूंच्या यादीचे) टॅब केले आणि आता खेळणाऱ्यांना वस्तूच सापडत नाहीत. नाशिकला द्राक्षबागेच्या गेमवर काम करताना आम्ही हेच भोगलंय.

ओपन (गठ्ठ्यांची नावं लोकांनीच द्यायची) आणि क्लोज्ड (नावं आधीच ठरलेली) हे प्रकार तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. आमच्या चिठ्ठ्या होत्या 'द्राक्षाचं कलम', 'द्राक्षाची पेटी', 'द्राक्षाचा रस'. शब्द एकच, म्हणून सगळ्यांनी त्या एकत्र ठेवल्या. आम्ही 'द्राक्ष' असा टॅब करून मोकळे झालो. पण कलम लागतं लागवडीला, पेटी लागते बाजारात.

खरं सांगायचं तर हे तेव्हाच कळायला हवं होतं. दिंडोरीकडच्या बागायतदाराचा मुलगा 'छाटणीची कात्री' ही चिठ्ठी हातात धरून बसला होता. म्हणाला, "छाटणी एप्रिलला पण असते, ऑक्टोबरला पण. हिला कुठे टाकू?" मी म्हणालो, "टाक कुठेही, उशीर होतोय." तो हंगामाने विचार करत होता, आणि आमचा गेमही हंगामावरच चालायचा! ते वाक्य मी लिहूनसुद्धा ठेवलं नाही. काम देणाऱ्या कंपनीला फक्त टक्केवारीचा तक्ता हवा होता. लोक काय बोलले ते अहवालातून काढायला लावलं. त्या मेनूवर दोन महिने वाया गेले, याचा राग अजून आहे.

म्हणून माझं मत: चिठ्ठीवर चित्र आणि नुसतं 'कलम', 'पेटी', 'रस'. आधी अर्धा तास खेळू द्या. अडलेल्या चिठ्ठीची दुसरी प्रत द्या, दोन्ही गठ्ठ्यांत जाऊ दे. नुसती ऑनलाइन सॉर्टिंगची लिंक पाठवू नका, शेजारी बसा. चिठ्ठ्या जाड पुठ्ठ्याच्या करा, पंख्याखाली कागद टिकत नाही. माणसं किती, तर वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2004 मध्ये 15 सुचवली होती. मला तो आकडा पटतो. आणि गठ्ठ्यांवरून थेट टॅब कधीच ठरवू नका. नुसती टॅबची नावं दाखवून "विकायला माल काढा" म्हणा, बोट कुठे जातं ते बघा.

माझा अनुभव फोनवरच्या छोट्या गेमचा आहे. कन्सोलवरच्या सेटिंग्जना हे जसंच्या तसं लावू नका, तिथे खेळाडूंना आधीच्या गेममुळे जागा पाठ असतात.

तुमच्या चिठ्ठ्यांची यादी टाका. कुठला शब्द सारखा सारखा येतोय ते मी बघून सांगतो.