अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य कोचची एखादी नोकरी चांगली कशामुळे ठरते?

तुम्ही विचारलंय की मोठ्या कॉलेज संघांच्या मुख्य कोचना पगार सगळीकडेच कोटींत मिळतो, मग एक जागा रिकामी झाली की रांग लागते आणि दुसऱ्या जागेला 'अवघड नोकरी' म्हणतात, हे कशामुळे?

मी २००९पासून नेब्रास्का राज्यातल्या लिंकनमध्ये राहते. माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि पेठांच्या तालमींचे संघ यायचे. इथला फुटबॉल वेगळा. लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि खेळ बराचसा हातांचा. पण अख्ख्या गावाचा जीव एका संघात (इथे नेब्रास्का विद्यापीठाच्या) अडकलेला असणं मला ओळखीचं होतं, म्हणून मी या खेळात लवकर रमले. तेव्हापासून इथले तीन कोच नारळ घेऊन गेलेले मी पाहिलेत आणि आता चौथे आहेत. जे सांगते ते बहुतेक याच गावात बसून शिकलेलं आहे.

पगाराच्या आधी एक गोष्ट बघायची असते. स्टेडियमपासून गाडीने पाच-सहा तासांच्या आत सतरा-अठरा वर्षांची चांगली खेळणारी पोरं किती राहतात? कॉलेजचा संघ दरवर्षी नव्याने भरावा लागतो. आईवडिलांना शनिवारी गाडी काढून सामना बघायला येता आलं तर मुलगा तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढते. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना, ओहायो इथे अशी पोरं ढिगाने आहेत. आमच्याकडे नाहीत.

हे मला आकड्यांवरून नाही, डोळ्यांनी बघून कळलं. एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भाच्याचा शाळेचा सामना बघायला लिंकनपासून दीड-दोन तासांवरच्या गावी गेले होते. मैदानाच्या तिन्ही बाजूंना मका, कापणीला आलेला. दिव्यांच्या उजेडात किडे आणि धूळ. मी खेळाडू मोजले तर आठच. मला वाटलं कोणी यायचे राहिलेत. मैत्रीण म्हणाली, "अगं, आमच्या शाळेत अकरा मुलांचा संघ उभा राहील एवढी मुलंच नाहीत. लहान गावांमध्ये आठ-आठ जणांचाच खेळतात, मैदानही लहान." त्या आठातला तिचा भाचा चेंडू घेऊन पळायचा, लगेच बचावालाही उभा राहायचा, मध्ये पाणी प्यायलाही बाहेर येत नव्हता. ते पोर जीव तोडून खेळत होतं. पण अलाबामा किंवा जॉर्जियाच्या कोचला जो कस लागलेला मुलगा हवा असतो, तो घडायला समोर तोडीस तोड मुलं लागतात, आणि ती तिथे नव्हती.

आता लुइझियानाशी ताडून बघा. तिथेही आमच्यासारखंच राज्यात एकच मोठं फुटबॉलचं विद्यापीठ आहे, बॅटन रूजचं एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. राज्यातल्या लहान मुलाला मोठं होऊन तिथेच खेळायचं असतं. आमच्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आतबाहेर, त्यांची सेहेचाळीस लाखांच्या आसपास, आणि खेळाडू तर त्या प्रमाणापेक्षाही किती तरी जास्त. परिणाम बघा. निक सेबननी २००३च्या मोसमात तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यांच्यानंतरच्या लेस माइल्सनी २००७ला आणि त्यांच्यानंतरच्या एड ऑर्जेरॉननी २०१९ला. लागोपाठ तीन कोच, तिघांचे स्वभाव वेगळे, खेळायची पद्धत वेगळी, तरी तिघेही जिंकले. असं घडतं तेव्हा त्या जागेतच काहीतरी आहे असं मानावं लागतं. म्हणूनच ब्रायन केली २०२१मध्ये नोटर डेम विद्यापीठासारखं नावाजलेलं ठिकाण सोडून दहा वर्षांच्या करारावर तिथे गेले. पण त्याच जागेची दुसरी बाजू अशी की ऑर्जेरॉनना विजेतेपदानंतर दोनच मोसम मिळाले आणि केलींना करार अर्धाही व्हायच्या आत, २०२५मध्ये, जावं लागलं. जिथे जिंकणं शक्य असतं तिथे न जिंकणं माफ होत नाही.

मग नेब्रास्का पाच वेळा राष्ट्रीय विजेता कसा झाला, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ इथे मुख्य कोच होते. आसपास पोरं कमी आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी तीन-चार गोष्टी इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा चांगल्या केल्या. बॉइड एप्ली यांच्या हाताखाली वजनं उचलून अंग कमावण्याची व्यवस्था इथे १९६९लाच सुरू झाली होती, बाकीच्या विद्यापीठांना त्याचं महत्त्व नंतर कळलं. चेंडू घेऊन पळण्यावर भर असलेला एकच डावपेच वर्षानुवर्षं घोटला. फ्लोरिडाहून टॉमी फ्रेझिअरसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव चालवणारा खेळाडू, आणला. आणि शिष्यवृत्ती नसताना स्वतःची फी भरून संघात येणारी शेतकऱ्यांची मुलं डझनावारी घेतली. यांना इथे 'वॉक-ऑन' म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना इथल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो.

ऑस्बर्ननी पंचवीसच्या पंचवीस मोसमांत किमान नऊ सामने जिंकले. त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मात्र १९९४ला, बाविसाव्या मोसमात. गावाने बावीस वर्षं वाट पाहिली. आज मैदानाला त्यांचं नाव आहे. आता बो पेलिनी घ्या. २००८ ते २०१४, सात मोसम, सातही वेळा किमान नऊ विजय. त्यांना काढलं. त्यांच्या आधी फ्रँक सोलिचना २००३मध्ये नऊ विजय आणि तीन पराभवांवर काढलं होतं. तोच नऊचा आकडा, एकाला मान आणि दोघांना नारळ. जुन्या यशाने अपेक्षा वाढवून ठेवल्या आणि त्यामागची साधनं एकेक करून निसटली. व्यायामशाळा सगळ्यांनी बांधल्या, सामने सगळ्यांचेच टीव्हीवर दिसायला लागले आणि २०११मध्ये विद्यापीठाने टेक्सासच्या संघांबरोबरची बिग ट्वेल्व्ह ही आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची संघटना सोडून बिग टेन या दुसऱ्या संघटनेत उडी घेतली. त्यात टीव्हीचा पैसा भरपूर, पण टेक्सासच्या पोरांना दरवर्षी घराजवळ खेळायला मिळेल हे सांगायची सोय गेली. पेलिनींना काढल्यावर काय झालं? २०१७ ते २०२३, सलग सात मोसम पराभव जास्त आणि विजय कमी.

त्यातली साडेचार वर्षं स्कॉट फ्रॉस्ट यांची, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्यांचंच वाटतं. इथल्याच वुड रिव्हर गावचा मुलगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला २०१७मध्ये एकही सामना न हरता नेलेला. ते आले तेव्हा लोक रडले होते. पण घरचा माणूस आणला म्हणून आसपासची पोरं वाढत नाहीत. सप्टेंबर २०२२मध्ये जॉर्जिया सदर्न या कमी नावाच्या विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर हरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. तीन आठवडे थांबलं असतं तर करार मध्येच मोडल्याबद्दल त्यांना द्यायची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर येणार होती. तेवढंही कोणी थांबलं नाही.

भरपाईचा विषय निघालाच आहे तर सांगते, कोचच्या दृष्टीने करारातला हाच भाग मोलाचा. २०२३मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशरना काढलं तेव्हा सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागत होतं. कोचना कळतं की आपल्याला घाईने काढतील, म्हणून ते काढण्याची किंमत आधीच वाढवून ठेवतात. पगारापेक्षा मी तर याच अटीकडे बघीन.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही ती म्हणजे साहेब कोण. खेळ विभागाचा संचालक, विद्यापीठाचा अध्यक्ष आणि मोठे देणगीदार एका सुरात बोलत असतील तर कोचला श्वास घेता येतो. सध्याच्या मॅट रूल यांना तेव्हाचे खेळ संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये आठ वर्षांच्या करारावर आणलं. सोळा महिन्यांत अल्बर्ट्स स्वतःच टेक्सास ए अँड एमला निघून गेले. ज्याच्या शब्दावर घर हलवलं तोच माणूस नाही, अशी अवस्था. रूल टिकले, २०२४ला सात विजयही मिळाले, पण अशा वेळी कोचच्या पोटात काय होत असेल याचा विचार करा.

प्रेक्षकांबद्दल सगळे खूप बोलतात. करोनाचा २०२०चा मोसम सोडला तर इथे १९६२पासून प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपली आहेत. सामन्याच्या शनिवारी स्टेडियम हे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं. हरलो तरी पाहुण्या संघाला टाळ्या वाजवून निरोप देतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगायचं तर त्या टाळ्यांनी कोणताही कोच येत नाही. आलेला मात्र त्यांच्यामुळे रेंगाळू शकतो.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण. इंडियाना हा मोठ्या संघांमध्ये इतिहासात सर्वाधिक पराभवांचा धनी होता. कर्ट सिग्नेटी तिथे गेले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातली आपली ओळखीची पोरं बरोबर नेली आणि पहिल्याच मोसमात, २०२४ला, अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोचले. खेळाडूंना आता एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येतं. जाहिरातींचे पैसे २०२१पासून आणि विद्यापीठाकडून थेट पैसे २०२५पासून घेता येतात. त्यामुळे अंतराचं महत्त्व कमी झालंय. आणि इंडियानात कोणी जुन्या विजेतेपदांच्या आठवणी उगाळत बसलं नव्हतं, हेही सिग्नेटींच्या पथ्यावर पडलं असं मला वाटतं. आज एखादा हुशार तरुण कोच मला विचारायला आला, तर पैसा असलेली आणि आठवणी नसलेली जागा घे म्हणून सांगेन.

ज्या न्यायालयीन तडजोडीने थेट पैसे देणं सुरू झालं तिनेच संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ही मर्यादाही आणली. आमच्याकडे वॉक-ऑन धरून दीडशेच्या आसपास मुलं असायची. माझ्या मैत्रिणीचा तो भाचा आता बारावीत आहे. त्याच्या आजोबांना तो लाल जर्सीत, स्वतःची फी भरून का होईना, एकदा मैदानावर पळताना बघायचाय. परवा त्यांनी मला विचारलं, "पूर्वी त्याच्यासारख्यांना घ्यायचे. आता घेतील का?" मी त्यांना १०५चा हिशोब सांगायला सुरुवात केली. ते ऐकून घेत होते, आणि मग त्यांनी भिंतीवरच्या १९७१च्या विजेत्या संघाच्या फोटोकडे बघितलं.